आईच्या बाजूची काच

आप्पा मिस्तरी गाडीचं ऐकायचे, गाडीवाल्याचं नाही. काच अडकल्याचं रडगाणं कुणी सुरू केलं, की ते हात वर करायचे. इंजिन बंद, गाणी बंद, तोंड बंद. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाराला टेकवून मूठ कानाला लावायचे आणि म्हणायचे, "दाब बटन." आत टक् वाजलं तर मोटर जिवंत. काहीच नाही वाजलं, तर करंट पोचत नाही. द्वारका चौकापलीकडच्या त्या टपरीवजा गॅरेजात मी गप्प उभी राहायला शिकले, हे आमच्या घरात अजून कुणाला पटत नाही.

आप्पा सटाण्याकडचे, बोलणं अहिराणी. 'नवीन टाका' हे शब्द त्यांना शिवीसारखे लागत. एकदा माझी मागची काच हलेना, म्हणून मी मोटर बदलायच्या तयारीनंच गेले. त्यांनी माझ्याच दारावरचं काचा लॉक करायचं बटण नखानं वर केलं आणि काच सुरसुर सरकली. "मोटर बदलाले उनी का?" एवढंच म्हणाले. पुढे आठवडाभर मी त्या बाजूला मान वळवली नाही.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी मात्र धावत गेले. दुपारी तिला घरी आणायचं होतं आणि डोळ्यात धूळ जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नेमकी तिच्या बाजूची काच खाली गेली ती वर येईना. रस्ता खोदलेला, रिक्षा तर चारी बाजूंनी उघडी. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, मोटर मागवू, चार दिवस लागतील.

आप्पांनी कान लावला. आत चिडीचूप. मला बटण दाबून धरायला सांगून ते दार सावकाश उघडझाप करत राहिले आणि एका जागी काच दचकली. बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर तुटली होती. "रोज वाकस, तठेच तुटस," म्हणत त्यांनी ती जोडली. काच वर गेली आणि मला चक्क रडू आलं. मग सगळं सांगितलं. काच खाली करून कोथिंबिरीचा भाव विचारायची आईची खोडही सांगितली. आप्पांनी त्या काचेचा फ्यूज उपटून माझ्या हातावर ठेवला. "माले इचार, मंगच लाव."

महिनाभर आई बंद काचेवर बोटं आपटत भाजीवाल्यांशी खुणांनी भांडली.

नंतर गेले, तर टपरीला कुलूप. "आप्पा बरे आहेत ना?" मी विचारलं. शेजारचा पंक्चरवाला हसला. "आप्पा ठणठणीत हायेत, ताई! मुलानं गावी नेलं, आता नाय येणार." जीव भांड्यात पडला आणि वाईटही वाटलं. त्यानं नंबर दिला. फ्यूज बसवणं दोन मिनिटांचं काम, पण विचारल्याशिवाय माझी छाती होईना.

"आप्पा, तो फ्यूज..."

"ते ऱ्हाऊ दे. मायना डोया कसा शे?"

"छान आहे. चष्म्याशिवाय भाजीवाल्याचा काटा वाचते आता."



"मंग उघाड काच."