मथुराक्काचा डाव

चामराजपेटेत तिला मथुराबाई म्हणून हाक मारली असती तर तिनं मागंसुद्धा वळून पाहिलं नसतं. घर मराठी, शेजार बहुतेक कानडी. सगळ्यांचीच ती मथुराक्का. साठीला टेकलेली, पण दर रविवारी सकाळी पदर खोचून मैदानात. नियम एकच: पोरांबरोबर त्यांच्या आईबापांनीही खेळायचं. "कडेला चपला उभ्या राहतील, माणसं नाहीत," असं ती ठणकावायची. बँकेतल्या साहेबापासून शिंप्याच्या म्हातारीपर्यंत तिनं सगळ्यांना पळवलं होतं. आजवर एकही गडी कडेला उरला नाही, ह्याचा तिला कोण तोरा!

शहाण्णव साली मात्र रत्नाकर आला. पुण्याहून बदलून आलेला इंजिनिअर. लेक शाल्मली त्याचं बोट सोडीना.

"बाबा आले तर मी खेळणार."

"अगं, माझी कंबर धरेल."

"धरू दे की! स्वल्प शेकली की सुटते," मथुराक्का म्हणाली. "ये रे अण्णा, चिन्नीदांडू मांडलाय."

रत्नाकर हसला. "चिन्नी काय, अक्का? विटी म्हणा. आणि स्वल्प काय! तुमच्या मराठीत मराठी किती आणि कानडी किती, शोधावं लागतं."

आजूबाजूचे हसले. मथुराक्काही हसली, पण ते तिला लागलं. तीन पिढ्यांची बोली होती ती. आणि हा गडी कडेला राहिला, तर पोरगीही राहणार. मग कसला तोरा अन् कसलं काय!

तिनं विटी कोलली. कुणाला झेलता आली नाही. मग टोला हाणला आणि दांडूनं अंतर मोजत निघाली, "वकट, लेंड, मूंड, नाल..."

"हां! हे अस्सल मराठी!" रत्नाकर ओरडला. "आमचे आजोबा गावी असंच मोजायचे!"

पलीकडे धापा टाकत उभी असलेली शेजारीण वेंकटम्मा हे ऐकून मटकन खालीच बसली. हसू आवरेना. "अस्सल मराठी? अय्यो! ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. आमची तेलुगू मोजणी ही! एक, दोन, तीन, चार!"

रत्नाकर पुटपुटला, "वकट... ओकटी... लेंड... रेंडू. आयला!"

जन्मभर मोजत आली, पण मथुराक्कालाही हे ठाऊक नव्हतं. तिची छाती नुसती फुगली. "ऐकलंस? तुझ्या आजोबांची विटीसुद्धा सरमिसळच बोलायची. मग माझ्या जिभेनं काय पाप केलं?"

"काही नाही, अक्का. हरलो."

"न खेळता कसा हरलास? आधी मैदानात ये."

तो आला. लेक टाळ्या पिटत त्याच्या पुढं धावली. मथुराक्कानं अंगात होतं तेवढं बळ एकवटून विटी कोलली. ती उंच गेली. रत्नाकर मागं सरकता सरकता धपकन आपटला, पण विटी त्याच्या मुठीत होती.

"अक्का आउट!" शाल्मली किंचाळली.

मथुराक्का धुळीत कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघितलंत का? हा गडी मी मैदानात उतरवलाय!"