अर्धा ठोकलेला खिळा

चिखलीच्या गेनबाला आरंभशूर म्हणणं म्हणजे त्याचं कौतुकच झालं. ओट्यावर दोन पायांचं स्टूल, भिंतीला बिनदाराचं फडताळ, गोठ्यात अर्धी गव्हाण. आणि माळ्यावर एका पाळण्याचे चार खांब. तो पाळणा लेकीसाठी, तानीसाठी, सुरू झाला होता. तानी लुगड्याच्या झोळीतच वाढली, सासरी गेली आणि पंचावन्न साली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तरी खांब तिथंच.

तिनं वर पाहिलं. "आबा, माझं ऱ्हाऊ द्या. माज्या बाळाला तरी पाळन्यात निजू द्या."

ती हसतच बोलली, पण गेनबाला फार लागलं. लेकीचं देणं आपल्याकडून राहून गेलं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, तिथं तो कामाला जाई. यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या विकायला निघाल्या, त्या त्यानं डोक्यावरून घरी आणल्या. चार दिवस करवत आणि हातोडा थांबेनात. पाचव्या दिवशी अंग मोडून आलं. सहाव्या दिवशी 'उद्या बघू'. शेजारचा बन्सी कुंपणावरून म्हणाला, "गेनबा, नातवाच्या लग्नात बोहल्याला लाव त्या फळ्या!"

सातव्या दिवशी सकाळी कामावर निघताना गेनबाला एक खिळा अर्धाच आत गेलेला दिसला. त्याच्या अंगात हजार खोडी असतील, पण डोकं वर काढून बसलेला खिळा त्याला सोसत नसे. "एवढा ठोकतो नि जातो," म्हणून त्यानं हातोडा उचलला. खिळा बसला, तर शेजारची फळी हलताना दिसली. ती बसवली, तर कड खरखरीत लागली. ती घासेपर्यंत ऊन पायरीवर आलं आणि गेनबा पिंपरीपर्यंत जवळजवळ पळतच गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक खिळा वर. तिसऱ्या दिवशीही.

"लाकूड वलं दिसतंय," तो म्हणाला. "खिळं भाईर फेकतंय."

"आसंल की," त्याची बायको गवराबाई भाकरी थापत म्हणाली.

तानीला मुलगी झाली आणि तिच्या बाराव्या दिवशी बारसं झालं. नात नव्या पाळण्यात निजली, बायका गायल्या, बन्सीनं कठडा दोनदा हलवून पाहिला आणि मुकाट्यानं घुगऱ्या खाल्ल्या. तानीनं पदरानं डोळे टिपले. गेनबा उगाच दोरी तपासत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो निवांत ओट्यावर टेकला. समोर ते दोन पायांचं स्टूल कुणीतरी मधोमध आणून ठेवलं होतं. त्यातला एक खिळा अर्धा वर आलेला.

हे लाकूड तर सात वर्षं वाळत पडलेलं! गेनबानं मान वळवली. गवराबाई खाली बघून जोंधळे पाखडत होती. तिच्या कमरेला खोचलेली पक्कड पदराआडून डोकावत होती.

"का गं, ह्ये बी लाकूड वलंच का?"

"लई वलं," सूप न थांबवता ती म्हणाली.

गेनबानं हातोडा उचलला.