छातीचा फोटो आणि एक कलम

माझ्या धाकट्या भावाला गावाबाहेरच्या फॅक्टरीत नोकरी लागली, तेव्हा शिवाजीनगरातल्या आमच्या कापडदुकानात वडिलांनी गिऱ्हाइकांनाही पेढे वाटले. साठ सालानंतरची ही गोष्ट. नोकरीच्या कराराचा कागद घेऊन भाऊ घरी आला आणि त्यातलं एक इंग्रजी कलम त्याने मला मराठी करून सांगितलं: कामगाराच्या वैद्यकीय तपासणीची माहिती त्या वेळी लागू असलेल्या कायद्याप्रमाणे गुप्त ठेवली जाईल.

"बघ अक्का, इथे मला शिंक आली तरी गल्लीभर होते. तिथे कायदा आहे!"

मीही खूश झाले. कोणता कायदा, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

नोकरीत कायम करण्याआधी फॅक्टरीने त्याच्या छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढला. त्याच सुमारास एक स्थळ सांगून आलं. मुलगी त्याला मनापासून आवडली होती. आमच्या लोकांत मुलाची चौकशी त्याच्या कामाच्या जागी करायची रीत, आणि मुलीचे मामा नेमके त्याच फॅक्टरीच्या ऑफिसात. वडील ऐटीत म्हणाले, "खुशाल विचारा. कर नाही त्याला डर कशाला?"

थोड्याच दिवसांत नकार आला. स्थळ आणणाऱ्या काकू उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "मुलाच्या छातीत डाग आहे म्हणे. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. ज्याची छाती, त्यालाही नव्हतं. त्या काळी क्षयाचं नाव घ्यायलाही माणसं घाबरत. भाऊ भिंतीला टेकून बसला तो जेवायलाही उठला नाही.

मी त्याला घेऊन फॅक्टरीत गेले. टेबलामागे ते मामाच बसले होते. म्हटलं, "रिपोर्ट दाखवा."

"रिपोर्ट गुप्त असतो, अक्का. करारात आहे. सही तुमच्या भावाचीच आहे की."

"मग तुमच्या बहिणीला कसा कळला?"

"ते घरचं बोलणं. हे ऑफिस आहे," ते म्हणाले आणि फाइलीत डोकं घातलं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण काय करणार? भाऊ माझा पदर ओढत होता. तो एवढंच म्हणाला, "अक्का, चल."

वडिलांच्या ओळखीच्या वकिलांनी कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. "लागू असलेला कायदा, असं लिहिलंय खरं. पण असा कुठला कायदा मला तरी माहीत नाही. लिहायची पद्धत असते."

म्हणजे ज्या भिंतीवर आम्ही विसंबलो होतो, ती बांधलीच नव्हती. मामांना अडवायला ती नव्हती, आणि आम्हाला अडवायला मात्र होती.

शेवटी सरकारी इस्पितळात नवा फोटो काढला. डॉक्टरांनी बोलावल्यावर मीही उठले.

"अक्का, तू बाहेर बस," भाऊ म्हणाला.

"अरे, मी काय परकी आहे?"

"नाही गं. पण माझी एक गोष्ट तरी आधी मला कळू दे."

मला रडू आलं, रागही आला, आणि त्याचं काही चुकलंय असं म्हणता येईना. दार लागलं. आत डॉक्टर बराच वेळ बोलत होते. बाकावर बसून मी कान देऊन ऐकत होते, पण मला एक शब्दही कळला नाही.