एक्केचाळीसावं पान गहाळ

माझ्या आईनं एक पुस्तक लिहिलं होतं, आणि ते मी तिच्या कानावर पडेल अशा आवाजात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. ते तिचं आहे हे मला ठाऊक नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी कोणी शहाणी आहे असं वाटेल.

अमरावतीच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झाले आणि हात शिवशिवायला लागले. जुनी, कोणी विचारत नाही अशी मराठी पुस्तकं वाचनालयांतून शोधायची, स्कॅन करायची, पुन्हा टाइप करून इंटरनेटवर फुकट ठेवायची, असं काम करणारा एक गट आहे. त्यांना मुद्रितं तपासणारं माणूस हवं होतं. दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि वर लोकांनी आभार मानायचे, मला आणखी काय पाहिजे होतं?

आमची पद्धत ठरलेली. दुपारचा चहा झाला की स्कॅन केलेलं पान मी मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि ह्यांनी टाइप केलेल्या मजकुरावर बोट ठेवून जुळवायचं. आई आतल्या खोलीत खाटेवर असायची. मांडीचं हाड मोडल्यापासून ती उठत नव्हती. मधलं दार उघडंच असे.

त्या उन्हाळ्यात एक लहानसं पुस्तक आलं. अकोल्यात छापलेलं, अकोल्याच्याच एका वाचनालयाचा शिक्का असलेलं. घरातल्या बायकांबरोबर बैलगाडीनं कौंडण्यपूरच्या जत्रेला गेलेल्या एका मुलीनं लिहिलेलं प्रवासवर्णन. मुखपृष्ठावर 'कुमारी', एक नाव आणि आडनाव. आडनाव माझ्या मामांचंच होतं, पण त्यात काय? वऱ्हाडात डोळे मिटून दगड मारला तरी त्या आडनावाच्या माणसाला लागेल. नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं.

आईचं माहेरचं नाव मला माहीत नव्हतं, हे आता कोणाला सांगताना लाज वाटते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, आणि ते तांदूळ बहुतेक दुसऱ्याच दिवशी शिजले. कागदोपत्री सगळीकडे सासरचंच नाव. मामा तिला बाई म्हणत, आजी पोरी म्हणे. मीही विचारलं नाही. आईला आई म्हणण्यापलीकडे नाव असतं, हे कुठल्या लेकराला सुचतं?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतून आवाज आला, "ते पान अजून एकडाव वाच बरं."

"आई, काहून मधात बोलून राहिली? ओळ चुकते माही."

मी पुढची ओळ घेतली. मग पुढं चाळीसनंतर एकदम त्रेचाळीस. मधलं पान कोणीतरी फाडून नेलेलं. त्रेचाळिसाव्या पानावर त्या मुलीची आत्या रुसून गाडीत मागे तोंड करून बसलेली, मोकळं मनगट चोळत असलेली, आणि का ते काहीच कळेना. मी वैतागून ह्यांना म्हटलं, आता हे पान कुठून भरून काढायचं?

"थ्या पानात आत्याची पाटली नदीत पडते," आई आतून म्हणाली.

"तुले कसं माहीत? मी आत्ताच मनगटाचं वाचलं, म्हणून म्हणतेस. झोप आता."

तिनं कूस बदलल्याचा आवाज आला. वर्गात आगाऊ उत्तर देणाऱ्या पोरीला गप्प करावं तसं मी तिला गप्प केलं होतं, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. एका प्रश्नाचं काम होतं. "तुला कसं माहीत" हे मी विचारलंही होतं, फक्त उत्तरासाठी थांबले नाही.

पुस्तक संपलं त्या दिवशी तिला भात भरवत होते. तिनं विचारलं, "कसं वाटलं तुले?"

"भाषा बरी आहे," मी म्हटलं. "पण पोरकट आहे गं. आत्याचं उगाच लांबवलं आहे."

"सतरा वर्साची असन बिचारी," आई म्हणाली आणि पुढच्या घासाला तोंड उघडलं.

पुस्तक इंटरनेटवर गेलं. आरंभीचं टिपण माझ्याकडे होतं. मी लिहिलं: लेखिकेविषयी कोणतीही माहिती मिळाली नाही, कोणास असल्यास कळवावे. आणि खाली: पृष्ठ एक्केचाळीस व बेचाळीस गहाळ. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं तर दिवा आतल्या खोलीत होता आणि अंधार मी मिरवत होते.

पोळा झाला आणि आठवड्याच्या आत आई गेली.

तेराव्याला अकोल्याहून मामा आले. जेवणं उरकल्यावर ते एकटेच ओसरीत बसले होते. त्यांचं मन रमावं म्हणून मी फोन पुढे केला. म्हटलं, मामा, बघा, तुमच्या अकोल्याचं पुस्तक आम्ही शोधून काढलं. त्यांनी फोन लांब धरला, मग जवळ. मुखपृष्ठावरून बोट फिरवलं तर पान सरकलं, ते त्यांनी परत आणलं.

"हे तं बाईचं हाय," ते म्हणाले. "तुले माहीत नाही? छापखान्यातून गठ्ठा मीच सायकलवर आणला होता."

मी फोन परत घेतला आणि ते नाव पुन्हा वाचलं. मामांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. लग्नात आईबरोबर गठ्ठा सासरी गेला, आणि महिन्याभरात परत आला. आमच्या घरची सून छापून येत नाही, असा माझ्या आजोबांचा निरोप होता. आईकडच्या आजीनं पुस्तकं इकडेतिकडे देऊन टाकली. एक मामांनी गुपचूप वाचनालयात नेऊन दिलं. "मंग बाईनं पुन्हा नाव नाही काढलं," ते म्हणाले.

म्हणजे साठ वर्षांनी तिनं नाव काढलं ते माझ्याजवळ, दाराच्या आतून, तीनदा. सासऱ्यानं एकदा परत पाठवलं. मी तीनदा पाठवलं. आजोबांचा राग मला करता येत नाही, माझी पाळी आधी येते.

मामांना त्या गहाळ पानातलं काही आठवेना. "मी तेव्हा लहान, वाचतो कोण?" म्हणाले. दुसरी प्रत शोधायला मी अकोल्याला तीन खेपा केल्या, बार्शीटाकळीच्या नातेवाइकांच्या माळ्यावर चढले. कुठेच नाही.

गटाला कळवलं. त्यांनी वारसाचा फॉर्म पाठवला. लेखिकेशी नातं, या रकान्यात मी 'मुलगी' लिहिलं. टिपणातलं माझं वाक्य काढून आईची दोन्ही नावं घातली. मग एक्केचाळीसावं पान उघडलं. तिथं आता एकच ओळ आहे: या पानात आत्याची पाटली नदीत पडते, असे लेखिकेने तोंडी सांगितले.

ह्यांनी मजकुरावर बोट ठेवलं. पद्धतीप्रमाणे मी ती ओळ मोठ्यानं वाचली, पूर्णविरामासकट. मग थांबले. मधलं दार उघडंच होतं. कोणी काही बोललं नाही, तरी ती ओळ मी अजून एकदा वाचली.