विमान कंपनीच्या विक्रीबद्दल आमच्या साडूंचं मत

माणसाकडे नुसतं पाहून त्याचं वजन किलोत सांगणारा आमच्या साडूंसारखा दुसरा इसम उभ्या नाशिक जिल्ह्यात झालेला नाही, आणि यापुढे होऊ नये अशी आमच्या नात्यातल्या समस्त बायकांची देवापाशी प्रार्थना आहे. आमची पहिली भेट माझ्या साखरपुड्यात झाली. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "चौसष्ट." मला वाटलं, बारावीचे टक्के विचारताहेत. मी घाईघाईने "नाही, अडुसष्ट" असं सांगून टाकलं. "छे हो, चौसष्टच," असं म्हणून ते पुढच्या पाहुण्याकडे वळले. घरी जाऊन मी गुपचूप वजन केलं. चौसष्टच भरलं, आता बोला!

खरं तर दोष त्यांचा नव्हता, नोकरीचा होता. नव्वदच्या दशकात आमच्या नाशिकला एका छोट्या खासगी कंपनीचं अठरा खुर्च्यांचं विमान येऊ लागलं. मुंबईहून यायचं, अर्धा तास टेकायचं आणि परत जायचं. साडू त्या कंपनीचे इथले मुख्य. मोठ्या विमानात दीडशे माणसं कोंबली तरी त्याला पत्ता लागत नाही, पण या चिमुकल्या विमानात कोण कुठे बसतो याला फार महत्त्व. म्हणून प्रत्येक उतारूला बॅगेसकट काट्यावर उभं करायचं, आकडा कागदावर मांडायचा, पुढचं-मागचं वजन जुळवायचं आणि मगच खुर्ची द्यायची, हे साडूंचं काम. तिथे वशिला नाही, मोठा-छोटा नाही. एका नव्या जोडप्याला त्यांनी विमानाच्या दोन टोकांना बसवलं होतं. नवरी रडवेली झाली, तेव्हा म्हणाले, "बाई, जन्मभर जवळच बसायचंय. आज जरा मागे बसा."

निफाडच्या एका बागायतदाराची गोष्ट तर ते रंगवून सांगत. तो द्राक्षांची पेटी घेऊन आला, वजन झालं दोन किलो जास्त. "दोन किलोंनी काय इमान पडतंय व्हय?" म्हणत त्याने रागारागाने तिथेच पेटी फोडली आणि बायकोला, मेहुण्याला घेऊन द्राक्षं खायला बसला. तिघांनी दोन किलो संपवली, तोंडं पुसली आणि पेटी पुन्हा काट्यावर ठेवली. साडू म्हणाले, "पेटी बरोबर आहे. आता तुम्ही तिघं परत काट्यावर या."

हे सगळं ते ऑफिसात ठेवून घरी आले असते तर बरं झालं असतं. पण कुठे काय! लग्नाला जायला जीप केली की आम्ही सगळे अंगणात रांगेत उभे, आणि साडू एकेकाला जागा देताहेत. "मामी, तुम्ही मागे नको, मधे या. साडूभाऊ, तुम्ही मागे गेलात तरी चालेल, तुमचं काही नाही." माझं काही नाही हे मी सोसलं, पण मामी पेटल्या. "मी काय पोतं आहे का?" म्हणाल्या. त्यावर गप्प बसावं ना माणसाने? हे म्हणाले, "पोतं हलत नाही मामी, तुम्ही वळणावर हलता." मामी दोन वर्षं त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आमची ताई, म्हणजे साडूंची बायको, कपाळावर हात मारून माझ्या बायकोला म्हणायची, "यांना खोटं बोलता येत नाही असं नाही गं, यांना ते सुचतच नाही."

आणि नेमकं हेच एक दिवस सगळ्यांच्या मुळावर आलं. मुंबईची एक बडी विमान कंपनी त्यांची कंपनी विकत घेणार, अशी बातमी पेपरात आली. शरणपूर रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात चहावर चहा होऊ लागले. सामान चढवणारा गडी देवळाली कॅम्पचा. तो म्हणाला, "आपल्याला काय, मोठी कंपनी आली की लय मोठ्या बॅगा येतील. पाठ हीच हाय." काउंटरवरच्या मुलीला वेगळीच धास्ती. "काका, त्यांच्या मुलींना गुडघ्यापर्यंत स्कर्ट असतो. माझ्या सासूबाई मला दारातून बाहेर सोडतील का?" पण खरी भीती बोलायला कोणी तयार नव्हतं. बडी कंपनी छोटी गावं चालू ठेवील का? नाशिकचं विमान बंद झालं तर सगळेच घरी बसणार. साडू तेव्हा बावन्न वर्षांचे. या वयात दुसरीकडे कोण उभं करतंय?

बड्या कंपनीचा साहेब कर्मचाऱ्यांची मतं ऐकायला येणार असं कळलं, तशी देवळालीचा गडी आणि काउंटरवरची मुलगी, दोघांनी मला गाठलं. मी शाळामास्तर, अक्षर बरं, म्हणून निवेदन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मीही हात सैल सोडून लिहिलं: 'नाशिकच्या विमानाला जनतेचा उदंड प्रतिसाद असून ते रोज भरून जाते.' दोघांनी सह्या केल्या. साडूंनी चष्मा लावून कागद वाचला आणि खाली ठेवला.

"साडूभाऊ, भरून कुठे जातं?"

"अहो, निवेदनात तसंच लिहितात!"

"लिहीत असतील," ते म्हणाले, आणि सही केली नाही. मी मनातून भयंकर चिडलो. ताईसाठी जीव तुटत होता माझा.

साहेब आला. तरुण होता, टाय बांधलेला, बोलायला गोड. त्याने निवेदन वाचलं, मान डोलावली आणि साडूंना विचारलं, "तुम्ही इथले मुख्य. तुमचं मत?" काउंटरवरच्या मुलीने मागून हात जोडले, हे मी दारातून डोळ्यांनी पाहिलं. साडू म्हणाले, "साहेब, अठरा खुर्च्या आहेत. नऊ भरतात. पावसाळ्यात सहा." झालं! देवळालीवाल्याने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर आपटली.

साहेबाने वही मिटली. मग काय मनात आलं कोण जाणे, म्हणाला, "आणि तुमची माणसं कशी आहेत?" साडूंनी तेही सांगितलं. गडी तापट आहे, पण अकरा वर्षांत त्याच्या हातून एक बॅग फुटली नाही. मुलगी दहा मिनिटं उशिरा येते, पण चिडलेला उतारू तिच्यापाशी आला की शांत होऊन जातो. साहेबाने ते लिहून घेतलं. नाशिकचं विमान बंद झालं, पण महिन्याभरात दोघांनाही पुण्याच्या नेमणुकीची पत्रं आली. नऊ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायला साहेबाला जड गेलं नसणार. "आणि तुम्ही?" असं त्याने साडूंनाही विचारलं होतं. साडू म्हणाले, "मोठ्या विमानांचं वजन कॉम्प्युटर जुळवतो. मला घेऊन काय करणार तुम्ही?" खरंच होतं ते. साहेबाने पुन्हा विचारलं नाही.

शेवटचं विमान गेलं त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो. पाच उतारू होते. साडूंनी पाचही जणांना काट्यावर उभं केलं, पुढचं-मागचं जुळवलं, दोनदा बेरीज तपासली आणि कागद पायलटकडे नेला. पायलट कोणाशी तरी हसत बोलत होता. त्याने कागद मांडीवर ठेवला, त्याच्याकडे न बघताच सही केली आणि साडूंच्या खांद्यावर हात ठेवला. दार लागलं. विमान गेलं.

मला राहवेना. मी म्हणालो, "अहो, तो बघतसुद्धा नाही?"

"अकरा वर्षांत कोणीच बघितलं नाही," साडू म्हणाले. "म्हणून तर मला बघावं लागायचं."

मला एकदम भरून आलं. 'रोज भरून जाते' असं मी किती वळणदार अक्षरात लिहिलं होतं, आणि वर याच माणसावर चिडलोही होतो. माफी मागावी असं फार वाटलं, पण साडूंची माफी कशी मागतात ते मला येईना. परत येताना स्कूटर मी चालवली. ते मागे बसले, आणि घर येईपर्यंत एकाही वळणावर हलले नाहीत.