न पेटवलेला राब

घोटावड्याच्या अलीकडे एक बंद पडलेला कारखाना होता. त्याच्या आवारात डिझेलच्या दोन टाक्या जमिनीत पुरलेल्या होत्या. त्या काढल्या तेव्हा एकीचा तळ चाळणीसारखा निघाला आणि खालची माती तपासून साफ करायचं काम माझ्याकडे आलं.

कुंपणाच्या खालच्या अंगाला एका मावशींचं भाताचं खाचर होतं. डिझेल उतारानं झिरपत नेमकं त्यांच्या राबाच्या तुकड्यात गेलं होतं. राब म्हणजे भाताचं रोप करायची जागा. शेण, पालापाचोळा, पेंढा थरावर थर रचून ती उन्हाळ्यात भाजायची आणि पावसाच्या तोंडाला तिथे बी फेकायचं. मावशींच्या तुकड्यात कित्येक वर्षं बी रुजत नव्हतं. लावणीला त्या जावेकडून रोप मागून आणत. जाऊ रोप द्यायची, पण चार माणसांत बोलून दाखवायची.

"शेत माजं आन रोप तिचं," मावशी पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या. "माज्या तुकड्यातलं रोप माज्या हातानं उपटायचंय मला. तेवढं बघ पोरी."

माझा स्वभाव तसा मिरचीचा, पण हे मनाला लागलं. आम्ही गिरमिटानं भोकं पाडत मातीचे नमुने घेतले, बरण्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवले आणि खराब मातीची हद्द आखली. खाचराच्या कडेच्या विहिरीचं पाणी चांगलं निघालं त्या दिवशी मी आणि मावशींनी विहिरीच्याच कठड्यावर बसून भेळ खाल्ली. मग माती उकरून कारखान्याच्या आवारात प्लास्टिकवर पसरली, तिच्यात शेण आणि पेंढ्याची कुट्टी मिसळली. डिझेल खाणारे जंतू मातीतच असतात. त्यांना हवा, ओल आणि थोडं शेण मिळालं की ते निमूट कामाला लागतात. वर ताडपत्री टाकली.

फाल्गुनातल्या एका रविवारी मजूर सुट्टीवर होते, म्हणून पाणी मारायला मीच गेले. फाटकातून बघते तर ताडपत्री नीट घडी करून बाजूला ठेवलेली. आमच्या ढिगावर सागाचा वाळका पाला, गोवऱ्या, वर मातीचा पातळ थर, सगळं कसं बेतशीर. भोवती पदर खोचून उभ्या असलेल्या बायका, त्यांत ती जाऊसुद्धा. इकडे राब भाजायला सगळ्या एकमेकींच्या मदतीला जातात, भांडण असलं तरी. मावशींच्या हातात काड्यापेटी होती. वाऱ्यात राब पेटवत नाहीत, म्हणून त्या वारा पडायची वाट बघत होत्या. त्या वाऱ्याचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धावत जाऊन मी पेटी हिसकावली आणि तोंडाला येईल ते बोलले. मावशी मात्र शांत होत्या.

"शेन हाय, पेंढा हाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुमी शेरातली मानसं, राब रचला आन पेटवायचा इसरला."

मला हसू यायला नको होतं, पण आलं. मग जाऊ हसली आणि पाठोपाठ सगळ्याच. मी तिथेच बसून समजावलं, की ह्यात जिवंत जंतू आहेत, तेच डिझेल खातायत, भाजलंत तर तुमचेच गडी मरतील. मावशींनी पाला उचलायला घेतला.

दुसऱ्या दिवसापासून ते जंतू त्यांचे झाले. रोज ताडपत्रीचं टोक उचलून त्या वास घ्यायच्या आणि मला फोनवर कळवायच्या, आज बरे जेवलेत, आज सुस्तावलेत, पाणी मारा. एकदा ढिगावर तांब्याभर ताक ओतलेलं सापडलं. मी रागावले, तर म्हणाल्या, उन्हाचं काम करतात बिचारे.

पावसाआधी अहवाल चांगला आला आणि माती तुकड्यात परत गेली. पण तोवर राब भाजायचे दिवस टळून गेले होते. त्या लावणीलाही रोप जावेकडूनच आलं, आणि मावशींचा चेहरा मला बघवेना. पुढच्या चैत्रात राब भाजला, तेव्हा काड्यापेटी मीच नेऊन दिली. बी फेकल्यावर मात्र त्यांचा फोन येईना. अहवाल काही बियाण्याला वाचून दाखवता येत नाही. मी इतकी धास्तावले होते, की आपणहून फोन करायचा धीरच झाला नाही.

आषाढात एका दुपारी फोन वाजला.

"लावनी झाली," मावशी म्हणाल्या. "जावंला कमी पडलं, तिला दिलं. तरी रोप उरलंय. तुला पायजे का?"

मी म्हटलं, मावशी, मी तिसऱ्या मजल्यावर राहते.

"मग? घरात बादली न्हाई व्हय?"

होती. आता ती गॅलरीत असते, आणि आंघोळीला मी नवी आणली.