तिसऱ्या अंकातलं कुंकू

गिरण्यांच्या संपात घरातलं एकेक विकलं गेलं, किस्से तेवढे कुणी घेतले नाहीत. म्हणून ते साचले. लालबागला आमच्या चाळीचं नाट्य मंडळ होतं, त्यातले उरलेसुरले आम्ही आता भेटतो ते कुणाच्या तरी बाराव्यालाच. एकजण हळूच म्हणतो, "सदाची उशी आठवते का रे?" की झालं सुरू. घरची माणसं डोळे वटारतात. वटारोत बापडी.

*

तर सदाची उशी. सदा परब गिरणीत मागावर होता आणि आमच्या नाटकात गिरणीमालक. आवाज दमदार, अंगाने मात्र काडी. तोंडं रंगवणं, कपडे चढवणं ही कामं माझ्याकडे, म्हणून त्याच्या कोटाच्या आत पोटाला उशी मीच बांधायचो. संप लांबला तसा कोट सैल पडायला लागला. "आणखी एक बांध," आमचा दिग्दर्शक बापू म्हणाला. दोन उश्या बांधून सदा उभा राहिला आणि म्हणाला, "ह्या संपात पोट सुटलेला चाळीत मी एकटाच."

*

सदाला खोकला होता. कापसाचा, जुना. संवाद अर्ध्यावर आला की ढास लागायची. एकदा बापू वैतागला. "सद्या, मालक कधी खोकतो काय रे? खोकतो ते आपण."

सदाने खोकला गिळला आणि संवाद पुरा केला. डोळ्यांतून पाणी येत होतं. आम्ही सगळे हसलो, सदासुद्धा.

*

नायक होता दत्ताराम. पहिल्या अंकात बायको त्याला ताट वाढते आणि तो ते सरकवून म्हणतो, "सोबती उपाशी असताना मला घास उतरत नाही." एका तालमीला सदाच्या बायकोने, इंदूवहिनींनी, खरी भाकरी आणि सुकटीचं कालवण पाठवलं. स्टेजवर रिकामं ताट ठेवू नये म्हणे.

दत्तारामने ताटाकडे पाहिलं. खाली बसला आणि जेवायलाच लागला. आम्ही आपले थांबलोय. सगळं चाटूनपुसून झालं, तांब्यातल्या पाण्याने हात धुतले, मग उठून म्हणतो, "मला घास उतरत नाही."

"आता कसा उतरेल?" बापू म्हणाला. खरं तर तो शिव्या घालायला उठला होता. दत्तारामचं तोंड बघून बसला.

*

नायकाची बायको कोण करणार, हा आमचा खरा घोर. तिसऱ्या अंकात नायक मरतो, निरोप येतो आणि ती स्टेजवर कुंकू पुसते. तिथेच नाटक उभं राहतं, असं बापूचं म्हणणं. आधी गिरगावहून एक नटी यायची, पण आता तिला बोलावणार कशाच्या जोरावर?

"जुन्या काळी पुरुषच करायचे," बापू माझ्याकडे बघत म्हणाला. मी घरी विचारलं. आमची ही भांडी घासता घासता म्हणाली, "करा की. मी मेले तरी तुमचं काय पुसलं जाणार आहे? निदान नाटकात पुसा." मी दुसऱ्या दिवशी बापूला नाही म्हणून सांगितलं.

*

मग बापू इंदूवहिनींकडे गेला. मीही सोबत होतो. तालमी त्यांच्या दारासमोरच्या गॅलरीत व्हायच्या, त्यामुळे अख्खं नाटक त्यांना पाठ. त्यांना ते काम करायचं होतं, हे कुणा आंधळ्यालाही दिसलं असतं. पण बोलल्या त्या एवढंच, "घोव जितो आसा माझो. मी कुंकू पुसूचंय नाय."

"टिकली लावू, वैनी. काढली की झालं."

"टिकली काय नि कुंकू काय, कपाळ माझांच ना?"

आतून सदा ओरडला, "कर गो. नाटकच तां." आणि त्याला ढास लागली. वहिनी पाणी द्यायला आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. त्या वर्षी चाळीच्या सत्यनारायणाच्या पूजेला नाटक झालं नाही.

*

सदा परळच्या इस्पितळातच गेला. निरोप घेऊन चाळीत मीच आलो. दारात उभा राहून "वैनी, सदा गेला" एवढंच मला बोलता आलं.

संक्रांतीला चाळभर हळदीकुंकू झालं. वहिनी दार लावून घरात. आमच्या हिनेही त्यांना बोलावलं नाही. "बोलावून तिलाच वाईट वाटायचं," म्हणाली. मला भयंकर राग आला, पण रीत मोडायची हिंमत माझ्यात तरी कुठे होती?

त्यानंतर वहिनी स्वतः तालमीला आल्या. "बापूभावजी, तां काम मी करतंय."

बापूची बोबडी वळली. "वैनी, पहिल्या अंकात कुंकू, हिरव्या बांगड्या... लोक काय म्हणतील?"

"नाटकच तां," वहिनी म्हणाल्या.

*

पूजेचा दिवस. रंगवायला बसल्यावर मी कुंकवाची डबी उघडली. "ऱ्हवांदे भावजी, मीच लावतंय." आरशात बघून त्यांनी सावकाश कुंकू लावलं. पहिला अंक छान झाला. पुढे बसलेल्या बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या, नंतर त्याही गप्प झाल्या.

तिसऱ्या अंकात निरोप्याचं काम माझ्याकडे. मी स्टेजवर गेलो आणि म्हणालो, "वैनी, तो गेला."

आता त्यांनी हात कपाळाकडे न्यायचा. नेला नाही. विंगेतून बापू, "पुसा, वैनी, पुसा." पार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एकदा पुसलंय मी, भावजी. आता नाय."

बापूने पडदा पाडला. रंग उतरवायला मी खोबरेल तेल आणि फडकं पुढे केलं. त्यांनी गाल पुसले, गळा पुसला, हिरव्या बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. कपाळ तसंच ठेवून बायकांच्या मधून चालत गेल्या आणि जिना चढून घरी गेल्या.